जांभ्याचे लुगडे

रत्नागिरीत ज्या वस्तूंकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, त्यांच्याकडे पाहत बसण्यात माझ्या आतेभावाइतके आयुष्य दुसऱ्या कोणी घालवले असेल असे मला वाटत नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. इथल्या साप्ताहिकात बातम्या लिहिण्याचे आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या छाटण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या कामात बोटीला किती उशीर झाला हे पाहणारे, खाडीचे पाणी कुठवर चढले हे पाहणारे आणि शेजाऱ्याचे कुंपण किती पुढे सरकले हे पाहणारे पुष्कळ भेटले. पण शेवग्याच्या शेंगेच्या सावलीकडे, कोणावर दावा लावण्याचा हेतू नसताना आणि जेवणाच्या दोन हाका येऊन गेल्यावरही पाहत राहणारा हा एकच.

तो मुंबईच्या एका चित्रशाळेत कापडावरची नक्षी शिकत होता. शेवटच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्याने निसर्गातली एखादी वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून चित्रे काढायची, त्या चित्रांतून नक्षी बसवायची आणि ती कापडावर उतरवून नमुना परीक्षकांपुढे ठेवायचा. कापडावरच्या प्रत्येक रेघेचे मूळ चित्र दाखवता आले पाहिजे, डोक्यातून काढलेले काही चालणार नाही, असा नियम होता. बाकीची मुले हे काम मुंबईतल्याच एखाद्या बागेत जाऊन उरकत. याचे म्हणणे असे की मुंबईतली फुले कचेरीत बसल्यासारखी बसतात, त्यांच्याकडे पाहून काही कळत नाही. म्हणून तो दर हिवाळ्यात बोटीने रत्नागिरीला यायचा, आईच्या ओटीवर कागदांचे भेंडोळे टाकायचा आणि निसर्ग शोधायला निघायचा. परीक्षेला तीनदा बसता येत असे, त्यापुढे नाही. इकडे गावातल्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर निवृत्तीला आले होते, आणि पदविका घेऊन आलास तर ती जागा तुझी, असे हेडमास्तरांनी त्याला सांगून ठेवले होते. ही गोष्ट त्याच्यापेक्षा माझ्या आत्याच्या जास्त ध्यानात होती. ती ऐन तारुण्यात विधवा झाली तेव्हा हा पाळण्यात होता. दिराच्या घरातल्या दोन खोल्यांत तिने त्याला वाढवले, आणि पुढचे सगळे त्या एका जागेवर अवलंबून होते. “तू वर्तमानपत्रातला,” ती मला म्हणाली, “लोकांच्या मागे लागून त्यांच्याकडून काढून घ्यायची तुला सवय आहे. याच्या मागे लाग आणि एवढं पुरं करून घे.” मी मागे लागलो. त्या कामाचा थकवा अजून पुरता गेलेला नाही.

त्याची पहिली अडचण अशी की तो काही तोडत नसे. पान असो, फूल असो, शेंग असो, जिथे असेल तिथे जाऊन काढायची. “तोडून आणलेलं फूल पाहुण्यासारखं वागतं, दादा,” तो म्हणायचा. “माणूस पाहायचा तर त्याच्या घरी जायला हवं.” पहिल्या वर्षी तो ज्याच्या घरी गेला ते केळफूल शेजारच्या काकूंच्या परसात होते. या काकूंच्या तोंडाला सगळी आळी वचकून असे. त्या कोयता घेऊन विहिरीकडे जाऊ लागल्या की पुरुष माणसेही वाट सोडत. केळफुलाचे वरचे जांभळे पान एकेक करून उचलते, त्याखाली कळ्यांची ओळ दिसते, मग ते पान गळून पडते. म्हणजे आज काढायला घेतलेले फूल उद्या तेच राहत नाही. हा रोज नवा कागद घेऊन रोज नवे चित्र सुरू करत होता, आणि काकू रोज कोयता घेऊन येऊन मागे उभ्या राहत होत्या.

“काकू, उद्या कापा. आज नवीन पान उचललंय.”

“उद्या उद्या करता आठवडा गेला. तुझं चित्र होईस्तोवर आम्ही काय पानात तुझा कागद वाढून घ्यायचा?”

“नुसतं शेवटचं पान एकदा उघडू दे.”

“शेवटचं पान उघडलं की भाजी राहत नाही, मेल्या. दांडा राहतो.”

दांडाच राहिला. त्याने दांड्याचेही चित्र काढले. मग सगळी चित्रे ओटीवर ओळीने मांडून बराच वेळ पाहिली आणि मला सांगितले की ही एकाच फुलाची चित्रे नाहीत, निरनिराळ्या फुलांची आहेत, आणि यांतून एक नक्षी काढणे हा खोटेपणा होईल. पहिली संधी अशी गेली. याच्या चित्रकलेने आपली भाजी खाल्ली, असे काकू पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, आणि त्यात वस्तुस्थितीला सोडून काही नव्हते.

त्याची दुसरी सवय सांधा शोधण्याची. कापडावर छापायच्या नक्षीचा एक तुकडा असा लागतो की तो शेजारी शेजारी कितीही वेळा ठेवला तरी कुठे जोडले आहे ते दिसता कामा नये. हा तुकडा तो सगळीकडे शोधत असे: घरांच्या कौलांत, वाळत घातलेल्या आमसुलांत, कोर्टाच्या आवारात ओळीने बसलेल्या पक्षकारांच्या पागोट्यांत. त्याच्याबरोबर रस्त्याने चालणे कठीण होते, कारण तो मध्येच थांबायचा आणि आपण एकटेच बोलत पुढे गेलेले असायचो. एका मुंजीत आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. हा स्वतःच्या पानाकडे न पाहता समोरच्या पंगतीकडे पाहत होता. वाढप्याने एका पानावर मिठाच्या जागी चटणी वाढली, तसा हा अर्धवट उठून म्हणाला, “अहो, तिथे सांधा दिसतोय.” वाढप्याने पंच्याला हात पुसले आणि शांतपणे विचारले, “कुणाला?” जेवण झाल्यावर यजमानांनी मला बाजूला घेतले. हे तुमचे कोण, असे त्यांनी विचारले. मी नाते सांगितले. “मुंबईला असतात का?” “होय.” “मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि विडा घ्यायला गेले.

दुसऱ्या वर्षी त्याला खेकडे सापडले. आरे-वारेच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की बारीक खेकडे बिळांतून वर येतात, ओली वाळू चाळून खातात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती टाकत जातात. या गोळ्यांच्या ओळी बिळापासून चहूकडे फाकतात, आणि घटकाभरात सगळा किनारा कोणी ठिपके देऊन ठेवल्यासारखा दिसतो. हे पाहून तो इतका आनंदला की मलाही पाहावे लागले. तिथवर जायचे म्हणजे खाडी तरीतून ओलांडायची आणि पुढे वाळूतून चालायचे. मी आठवड्याच्या एकुलत्या सुटीच्या दिवशी ते करत असे, कारण आत्याने सांगितले होते. पाऊल वाजले की खेकडे आत जात. त्यामुळे हा मला एका जागी उभा करून ठेवायचा. “दादा, सावलीसुद्धा हलवू नकोस,” तो सांगायचा. दुपारच्या उन्हात सावली न हलवता उभे राहणे ही सुटी घालवण्याची रीत नव्हे. एकदा खांद्यावर जाळे टाकून एक म्हातारा चालला होता. तो आमच्यापाशी थांबला.

“काय वो, काय हरवला तुमचा?”

“काही नाही. खेकडे पाहतोय,” आतेभाऊ म्हणाला.

म्हाताऱ्याने वाळूकडे पाहिले, मग आमच्या कपड्यांकडे. “हे खायचे नाहीत वो,” तो कळवळ्याने म्हणाला. “खायचे पायजेत तर खाडीत चला. दाखवतो.”

चित्र अर्ध्यावर आले की भरती यायची आणि सगळे पुसून जायचे. दुसऱ्या दिवशी खेकडे नव्याने मांडायचे, आणि ते कालच्यासारखे नसायचे. तो कागद गुंडाळून मागे मागे सरकायचा आणि समुद्राकडे अशा नजरेने पाहायचा की जणू त्याने कबूल केलेली गोष्ट पाळली नाही. त्या वर्षी त्याने मुंबईला सुरेख चित्रे नेली. कापड नेले नाही, कारण त्याच्या मते सांधा अजून सापडला नव्हता. चित्रे चांगली आहेत, कापड नाही, असा परीक्षकांचा शेरा पडला. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला अशा शेऱ्याबद्दल आदर वाटतो. त्यातून एकही शब्द काढता येत नाही.

या सगळ्या काळात रंगांचे प्रयोगही चालू होते. बाजारातला डब्यातला रंग ओरडतो, असे त्याचे मत होते, म्हणून रंग घरी करायचा. कोळी जाळी रंगवायला ऐनाची साल उकळतात, तशी तो आईच्या घंगाळात उकळायचा. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात कुजत घालून काळा रंग करायचा. त्याचा वास दिराच्या बिऱ्हाडापर्यंत जायचा. घंगाळ कितीही घासले तरी पुरते निघत नसे, आणि मला आठवते, एका दिवाळीला त्या घरातले सगळे अभ्यंगस्नान करून फिकट तपकिरी होऊन फराळाला बसले होते. आत्या चुलीपुढे बसून साल ढवळत असे आणि अधूनमधून विचारत असे, “हे परीक्षेतलंच आहे ना?” तो हो म्हणायचा. मग ती आणखी लाकूड सारायची.

तिसरे वर्ष शेवटचे होते. मी दमलो होतो आणि ते मी लपवले नाही. “हलत नाही असं काहीतरी घे,” मी त्याला म्हणालो.

“म्हणजे काय?”

“दगड घे.”

हे मी वैतागून म्हटले होते. त्याने ते सल्ला म्हणून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिरेखाणीवर जाऊन बसला. आमच्याकडे घर, कुंपण, विहीर, पायरी सगळे जांभ्या दगडाचे असते; पायाखाली, पाठीमागे, डोळ्यांपुढे तोच. म्हणून तो कोणी पाहत नाही. खाणीतून नुकत्याच काढलेल्या चिऱ्यात पिवळा, जांभळट, तांबडा असे रंग एकमेकांत मिसळलेले असतात आणि सगळीकडे वेडीवाकडी भोके असतात. उन्हात पडला की तो वाळतो, कडक होतो आणि रंग बदलतो. म्हणजे याचा दगडही हलला. मी डबा घेऊन खाणीवर गेलो तेव्हा हा एका चिऱ्यापुढे बसून कपाळाला हात लावत होता, आणि चिरे काढणारा गडी टिकाव टेकून त्याची समजूत घालत होता.

“अवो, दगड हाय तो. पळून जातोय काय?”

“जातोय की,” आतेभाऊ म्हणाला. “सकाळचा पिवळा आता कुठे आहे?”

गड्याने खाली वाकून चिऱ्याकडे नीट पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. “गेला खरा,” तो म्हणाला आणि पुन्हा टिकाव मारू लागला.

पण या वेळी तो हटला नाही. वाळून जो रंग उरतो तो दगडाचा खरा रंग, असे त्याने ठरवले, आणि त्याला एकदा शेवट सापडल्यावर बाकीचे सरळ झाले. देवरूखकडच्या एका सुताराकडून शिवणीच्या लाकडाचे ठसे करून घेतले. तिथेही वाद झालाच, कारण याला दोन भोके सारखी नको होती आणि ठसा म्हणजे तेच ते उमटायचे. शेवटी ठसा दर खेपेला फिरवून मारायचा असे ठरले, आणि सांधा कुठे दिसेना. मांजरपाटाचा मोठा तुकडा ऐनाच्या सालीत आणि कावेत रंगवला, त्यावर काळ्याने जांभ्याची भोके उमटवली. आत्या कापड ताणून धरायची, हा ठसा मारायचा. ते लुगड्याचे कापड होते, काठ नव्हता. दगडाला काठ नसतो, असे त्याचे म्हणणे. तयार कापड पाहून मी प्रथमच त्याची स्तुती केली. तो रंग आम्हा दोघांनाही ओळखीचा वाटला होता, आणि ओळखीचा वाटला म्हणूनच आवडला होता. पावसाळ्यापुरत्या बोटी बंद व्हायला अजून अवकाश होता. शेवटच्या बोटीने तो कापड घेऊन निघणार, परीक्षा देणार, आणि शाळा उघडेल तेव्हा हजर होणार, असे सगळे जुळून आले होते.

मे महिन्यात आत्याच्या घरापुढच्या खळ्यात फणसाचे पापड घालायला आळीतल्या बायका जमल्या होत्या. काकू पोळपाटावर होत्या, आत्या खाली मान घालून गोळे करत होती. मी ओटीवर बसून गरे खात होतो. हा आतून कापड घेऊन आला, ते दोरीवर पसरले आणि चित्रशाळेत शिकवले होते त्याप्रमाणे वापरणाऱ्यांचे मत घेण्यासाठी काकूंना म्हणाला, “काकू, हे लुगडं तुम्ही नेसाल?”

काकूंनी वर पाहिले. त्यांचे लाटणे थांबले.

“मेल्या,” त्या म्हणाल्या, “माझा नवरा जिवंत आहे.”

कोणी हसले नाही. बायकांनी आपापल्या पापडांकडे माना वळवल्या. आतेभाऊ कापडाकडे पाहत उभा राहिला. “रंग वाईट आलाय का?” त्याने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते. कळायचे कसे? केशवपन झालेल्या विधवेने नेसायचे तांबडट, बिनकाठाचे आलवण तो जन्मल्यापासून पाहत आला होता, पण ते आलवण म्हणून त्याने पाहिलेच नव्हते. तो आईचा रंग होता. मग त्याने खाली पाहिले. दोरीवरचे कापड आणि गोळे करत बसलेली आत्या यांत फक्त भोकांचा फरक होता.

आत्याने मान वर केली नाही. “रंग चांगला आलाय,” ती म्हणाली. “काठ नाही म्हणून तसं वाटतं.” आणि तिने पुढचा गोळा काकूंच्या पोळपाटावर ठेवला. काकूंनी तो लाटला. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, “नक्षी चांगली आहे हो. नक्षीला मी नाव ठेवत नाही.” त्या दिवशी काकू नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या.

बायका गेल्यावर त्याने कापड काढून घडी घातली आणि खांबाला टेकून बसला. हे नेणार नाही, असे तो म्हणाला. दुसरे करायला वेळ नव्हता हे आम्हा तिघांनाही माहीत होते. मी त्याला समजावले की परीक्षक मुंबईचे, त्यांतला एक तर साहेब, त्यांना यातले काही वाटणार नाही. तो ऐकत नव्हता. आत्याने हात धुतले आणि येऊन समोर बसली.

“काठ लाव,” ती म्हणाली.

“दगडाला काठ कुठून आणू?”

“मला लावता येत नाही. तुला कोणी अडवलंय?”

त्याने कागद ओढला आणि विचारले, “कसला लावू?” नियम त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता, आणि समोर नसलेली वस्तू त्याने आयुष्यात कधी काढली नव्हती. आत्या उठली. दिवसभर उघडे असणारे पुढचे दार तिने लोटले आणि कडी घातली. विधवा बाई काठापदराच्या गोष्टी बोलते हे शेजारी ऐकू जायला नको होते. मग ती सांगू लागली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिला एक लुगडे घेतले होते. त्याचा काठ गडद हिरवा, दोन बोटे रुंद, आत पिवळी रेघ. रेघेवर लहान लहान फुले. “रुईची फुलं म्हणायचे. मला ती कधी रुईसारखी वाटली नाहीत.” मग कशासारखी, हे तिला सांगता येईना. हा काढत होता, ती पाहत होती. “एवढी जवळ नकोत. नाही, पाकळी अशी बोथट नव्हती. हां, आता जरा वाटतंय.” असे ते रोज दुपारी दार लावून चालले. तिच्या बोलण्यात घाई येऊ लागली होती. इतकी वर्षे मी तिला पाहत होतो. तिला पिवळ्या रंगाबद्दल काही मत असेल असे माझ्या मनात आले नव्हते.

“ते लुगडं आहे कुठे?” त्याने एकदा विचारले.

“गेलं,” ती म्हणाली.

पुढचा प्रश्न विचारणे हा माझा धंदा आहे. मी विचारला नाही. त्यानेही नाही.

वेगळ्या पट्टीवर नीळ आणि हळद देऊन त्याने तो काठ उतरवला, आणि आत्याने ती पट्टी कापडाला हाताने शिवली. टाके इतके बारीक होते की सांधा शोधणाऱ्या तिच्या मुलालाही तो बोटाने चाचपावा लागला. मोसमातल्या शेवटच्या बोटीवर मी त्याला पोचवायला बंदरावर गेलो. वारा सुटला होता, बोट लांब उभी होती आणि तिथवर नेणारा पडाव हेलकावत होता. त्याने मेणकापडात गुंडाळलेले बोचके डोक्यावर धरले होते आणि बाकीचे सामान कुठे आहे याकडे त्याचे लक्ष नव्हते. ते मी चढवले.

परीक्षेत काय झाले ते त्याने मला नंतर सांगितले, आणि तो काही वाढवून सांगत नाही. साहेब परीक्षकाला दगड फार आवडला. त्याने चित्रे आणि कापड शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिले. दुसरे परीक्षक मराठी होते. त्यांनी काठावर बोट ठेवले आणि याचे मूळ चित्र कुठे आहे, असे विचारले.

“मूळ शिल्लक नाही,” आतेभाऊ म्हणाला.

“मग हा कशावरून काढला?”

“ऐकून.”

त्यांनी नियम वाचून दाखवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. काठ वेगळा शिवलेला आहे हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि त्यांनी स्वतःच सुचवले की काठ काढून टाका, म्हणजे कापड नियमात बसेल; टाके उसवायला कितीसा वेळ लागतो. त्यांनी कात्रीही मागवली. हा नको म्हणाला.

मी त्याला विचारले, का. एवढे विचारायचा हक्क मला होता असे मला वाटले. तो म्हणाला, “उसवला असता तर ते पुन्हा आलवण झालं असतं, दादा.”

बोटी बंद झाल्या होत्या, म्हणून तो कोल्हापूरवरून घाट उतरून सर्व्हिस मोटारीने आला, भर पावसात. तो भिजला होता, बोचके कोरडे होते. शाळेतली जागा दुसऱ्या एका पदविकाधारकाला मिळाली. ती नेमणूक आमच्या साप्ताहिकात आली. मजकूर मीच लिहिला. दोन ओळी झाल्या.

निकाल आत्याने त्याला विचारला नाही, मला विचारला. मी सकाळी तिच्याकडे गेलो होतो आणि ती तांदूळ निवडत होती.

“नापास ना?”

“होय.”

“रंगामुळे?”

“नाही.”

“काठामुळे?”

“होय,” मी म्हणालो.

तिने एक खडा काढून अंगणात टाकला. “थोडा रुंद झाला होता तो,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं त्याला. दोन बोटं म्हणजे माझी बोटं. त्याने स्वतःची धरली.”

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. आतेभाऊ राजापूरला एका खाजगी शाळेत पोरांना वांगे आणि तांब्या काढायला शिकवतो, आणि आंब्याच्या मोसमात बागायतदारांच्या पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या रंगवतो. त्याची कोणाबद्दल तक्रार नाही. सुटीला घरी येतो, चांगला जेवतो, कधी विहिरीच्या काठावरच्या शेवाळ्याकडे पाहत उभा राहतो, पण कागद काढत नाही. काठासकट ते लुगडे तो आईपाशी ठेवून गेला आहे.

आत्या आता थकली आहे. प्रेसमधून घरी येताना मी कधी कधी दुपारचा तिच्याकडे डोकावतो. आमच्याकडे दारे दिवसा उघडीच असतात, आणि तिचे दार एरवी उघडेच असते. एखाद्या दुपारी मात्र ते लोटलेले असते आणि आतून कडी असते. तेव्हा मी हाक मारत नाही. पायरीवर बसतो, खिशातली प्रुफे काढतो आणि तपासत राहतो. वारा नसतो, आळीत कोणी नसते, आणि प्रुफांत चुका भरपूर असतात. बऱ्याच वेळाने कडी निघते. पदर डोक्यावरून सारखा करत आत्या बाहेर येते आणि मला पाहून जराशी थबकते.

“कधीचा बसलायस?” ती विचारते.

“आत्ताच आलो,” मी सांगतो.